अंगठ्याखालच्या चार दिशा

इ. स. २०१४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील लास व्हेगस शहरी ‘इव्हो’ नावाची एक मोठी स्पर्धा भरली होती. देशोदेशींचे खेळाडू तेथे जमले होते. ही स्पर्धा कुस्तीची नव्हती, की मुष्टियुद्धाचीही नव्हती. ती होती लढतीच्या व्हिडिओ खेळांची. या खेळांत दोन खेळाडू शेजारी शेजारी शांतपणे बसतात, आणि त्यांच्या बोटांच्या आज्ञेप्रमाणे पडद्यावरील दोन योद्धे एकमेकांशी झुंजतात. त्या काळी पुष्कळ नामांकित खेळाडू मांडीवर एक जड पेटी घेऊन बसत. तिच्यावर डाव्या हातासाठी एक उभा दांडा व उजव्या हातासाठी मोठी गोल बटणे असत. परंतु ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर’ या खेळाच्या अंतिम सामन्यात ‘लफी’ या नावाने खेळणारा फ्रान्सचा एक तरुण उतरला, तेव्हा त्याच्या हाती अशी पेटी नव्हती. पहिल्या प्लेस्टेशन यंत्राबरोबर मिळणारा, दोन्ही मुठींत सहज मावणारा जुना कंट्रोलर त्याने धरला होता. ते यंत्र जपानमध्ये १९९४ साली बाजारात आले होते. म्हणजे ज्या साधनाने हा तरुण खेळत होता, त्याची रचना वीस वर्षांची जुनी होती. समोर जपानचा बॉनचान हा कसलेला खेळाडू होता. तरीही लफीने तो सामना जिंकला आणि विजेतेपद मिळवले.

त्या जुन्या कंट्रोलरमध्ये असे काय होते? त्याच्या डाव्या बाजूस, अंगठ्याच्या टोकाखाली, चार दिशा दाखवणारी एक लहानशी कळ होती. तिला खेळाडू ‘डी-पॅड’ म्हणतात. आपण तिला दिशाकळ म्हणू. रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठी अशी ही वस्तू दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. परंतु तिची घडण नीट असेल तर योद्धा खेळाडूच्या मनाप्रमाणे वागतो. ती बिघडलेली असेल, तर उत्तम खेळाडूचाही पराभव होतो. या लहानशा कळीची गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे व्हिडिओ खेळ १९७० नंतरच्या दशकात पसरू लागले. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली जे यंत्र विक्रीस आणले, त्याला एक उभा दांडा होता. त्याला जॉयस्टिक म्हणतात. एका हाताने पेटी धरावयाची आणि दुसऱ्या हाताने दांडा ढकलावयाचा, अशी त्याची रीत होती. दांडा समजण्यास सोपा. ज्या दिशेस ढकलावा त्या दिशेस पडद्यावरील आकृती जाते. तथापि त्याला जागा लागते, आणि तो खिशात मावत नाही. ही अडचण दूर करण्याचे श्रेय जपानमधील गुन्पेई योकोई या कल्पक गृहस्थाकडे जाते.

योकोई यांचा जन्म १९४१ साली क्योतो शहरात झाला. विद्युत्शास्त्राचे शिक्षण घेऊन १९६५ साली ते निन्टेंडो या कंपनीत नोकरीस लागले. ही कंपनी १८८९ साली स्थापन झाली होती आणि तोवर ती प्रामुख्याने पत्ते तयार करीत असे. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे हे योकोईंचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचा एक लांबणारा व आखडणारा हात गंमत म्हणून बनवला. कंपनीच्या अध्यक्षांच्या दृष्टीस तो पडला. आता आपल्याला बोलणी बसणार, असे एखाद्याला वाटले असते. पण अध्यक्षांनी तेच खेळणे विक्रीसाठी तयार करावयास सांगितले. १९६६ साली ते ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आले आणि देखभालीच्या कामावरील तरुण खेळण्यांचा संशोधक झाला.

पुढे एकदा ते आगगाडीने प्रवास करीत असता एक कंटाळलेला प्रवासी आकडेमोडीच्या लहान यंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला, असे सांगतात. त्यावरून हातात मावेल असा खेळ तयार करण्याची कल्पना त्यांना सुचली. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ या नावाने असे खेळ निघू लागले. आकडेमोडीच्या यंत्रांमुळे त्यांचे पडदे स्वस्त झालेलेच होते. स्वस्त, जुने व पुरते हातखंडा झालेले तंत्र नव्या उपयोगास लावावे, हे योकोईंचे आवडते तत्त्व होते.

१९८२ साली या मालिकेत ‘डाँकी काँग’ हा खेळ आणावयाचे ठरले. त्यात नायकाला डावीकडे व उजवीकडे धावावे लागे, शिड्या चढाव्या व उतराव्या लागत आणि गडगडत येणारी पिंपे उडी मारून चुकवावी लागत. म्हणजे चार दिशा हव्यात, त्या एकाच अंगठ्याने साधल्या पाहिजेत, आणि खेळणाऱ्याची नजर पडद्यावरून हलता कामा नये. शिवाय हे खेळणे पुस्तकासारखे मिटणारे होते. उभा दांडा त्यात बसणे शक्य नव्हते. चार वेगळी बटणे ठेवावीत, तर अंगठा नेमका कोणत्या बटणावर आहे हे न पाहता कळणे कठीण.

योकोईंनी चारही बटणे एका तुकड्यात जोडली. अंकगणितातील अधिक चिन्हाच्या आकाराची ती एक कळ झाली. तिच्या चार भुजा अंगठ्याला स्पर्शाने कळतात. मध्यभागी अंगठा ठेवून तो नुसता कलता केला की पुरे. उचलून दुसरीकडे नेण्याची गरज नाही. दांड्याचे काम तसेच राहिले, दांडा मात्र नाहीसा झाला.

पुढील वर्षी, १९८३ च्या जुलैमध्ये, निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र निघाले. त्याच्या कंट्रोलरला दांडा लावावा की दिशाकळ, असा प्रश्न त्याचे रचनाकार मासायुकी उएमुरा व त्यांचे सहकारी यांच्यापुढे होता. मुले खेळून झाल्यावर कंट्रोलर जमिनीवरच टाकून देतात. त्यावर कोणाचा पाय पडला तर दांडा मोडणार. दिशाकळीला ते भय नव्हते. तीच स्वीकारली गेली, आणि तेव्हापासून कंट्रोलरच्या डाव्या बाजूस चार दिशा असाव्यात ही रूढी पडली.

आता या कळीच्या पोटात काय असते ते पाहू. वरचे प्लास्टिक काढले की खाली एक रबरी पट दिसतो. त्यावर चार लहान घुमट असतात. प्रत्येक घुमटाच्या आतल्या बाजूस वीज वाहून नेणारी कार्बनची चकती चिकटवलेली असते. पटाखालच्या पाटीवर प्रत्येक चकतीच्या समोर धातूच्या दोन रेषा असतात. त्या एकमेकींच्या अगदी जवळ, परंतु एकमेकींस न लागलेल्या असतात. भुजा दाबली की तिच्याखालचा घुमट खचतो, चकती दोन्ही रेषांवर टेकते आणि विजेचे मंडल पूर्ण होते. अंगठा उचलला की रबर आपल्या लवचीकपणाने घुमटाला पूर्ववत उभे करते व मंडल तुटते. घरातील दूरचित्रवाणीच्या रिमोटची बटणेही बहुधा याच रीतीने चालतात.

संपर्क तर चारच. मग तिरक्या दिशा कोठून येतात? अंगठा खाली आणि उजवीकडे यांच्या मधोमध दाबला, तर दोन्ही घुमट एकदम खचतात. ‘खाली’ आणि ‘उजवीकडे’ अशा दोन आज्ञा एकाच क्षणी मिळाल्या, की यंत्र त्यांचा अर्थ ‘तिरके खाली-उजवीकडे’ असा घेते. अशा रीतीने चार सरळ दिशा, चार तिरक्या दिशा आणि काहीच न दाबलेली विश्रांतीची अवस्था मिळून नऊ अवस्था होतात.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. चार संपर्कांपैकी प्रत्येक एकतर जुळलेला असतो किंवा तुटलेला. तेव्हा एकूण अवस्था दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा होतात. त्यांपैकी नऊ उपयोगाच्या. उरलेल्या सात अवस्थांत डावी व उजवी किंवा वर व खाली या परस्परविरुद्ध दिशा एकदम दाबल्या जातात, आणि अशा आज्ञेला काही अर्थ नसतो. एकाच मनुष्याने एकाच वेळी पूर्वेस व पश्चिमेस कसे जावे? या सात निरर्थक अवस्था टाळण्यासाठी कळीच्या मध्यभागी खालून एक गोलसर टेकू असतो. तराजूचे एक पारडे खाली गेले की दुसरे वर उचलले जाते. तसेच टेकूमुळे एक भुजा दबली की समोरची उचलली जाते. साऱ्या दिशाकळीचा प्राण या टेकूत आहे.

टेकूची उंची ठरवणे हे मोठे नाजूक काम आहे. तो फार उंच असेल तर कळ ताठ राहते आणि दोन घुमट एकदम खचवणे कठीण जाते. तिरक्या दिशा हातून निसटतात. तो फार बुटका असेल किंवा झिजला असेल, तर कळ सैल होते. सरळ उजवीकडे दाबताना नकळत वरचाही घुमट खचतो. धावत्या नायकाच्या खेळात अशी चूक थोडी चालून जाते. लढतीच्या खेळात मात्र ती घातक ठरते. ते का, हे समजण्यासाठी त्या खेळाची रीत पाहिली पाहिजे.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ काढला. या खेळात रियू नावाचा योद्धा आहे. ‘हादोकेन’ नावाचा तेजाचा गोळा तो हातांतून फेकतो. पण त्यासाठी एक बटण दाबून भागत नाही. रियू उजवीकडे तोंड करून उभा असेल तर प्रथम खाली, मग तिरके खाली-उजवीकडे, मग उजवीकडे अशी वर्तुळाच्या पाव भागाएवढी हालचाल करावी लागते आणि लगेच ठोशाचे बटण दाबावे लागते. खेळाडू ही हालचाल लिहून ठेवण्यासाठी संगणकाच्या कळफलकावरील आकड्यांचा उपयोग करतात. त्याच्या उजव्या बाजूस १ ते ९ हे आकडे तीन ओळींत असतात. मधला ५ म्हणजे विश्रांती, २ म्हणजे खाली, ६ म्हणजे उजवीकडे, आणि ३ म्हणजे त्यांच्यामधील तिरकी दिशा. तेव्हा हादोकेनची हालचाल झाली २-३-६. ‘शोर्यूकेन’ नावाचा उसळता ठोसा हवा असेल तर ६-२-३ अशी हालचाल करावी लागते. आकडे तेच, क्रम मात्र निराळा.

हे सर्व फार थोड्या वेळात व्हावे लागते. अशा खेळांत पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळा बदलते, आणि प्रत्येक चित्राच्या वेळी यंत्र चारही संपर्क तपासते. २, ३ व ६ या तिन्ही अवस्था त्याला योग्य क्रमाने व ठरलेल्या अवधीत दिसल्या पाहिजेत. ताठ कळीमुळे मधला ३ जुळलाच नाही, तर यंत्राला दिसते ते एवढेच: योद्धा खाली बसला, पुढे सरला, आणि त्याने एक साधा ठोसा मारला. गोळा सुटतच नाही. उलट कळ सैल असेल, तर पुढे चालण्यासाठी ६ दाबताना ९ लागतो, म्हणजे तिरके वर. योद्धा उडी मारतो. त्या खेळात हवेत असताना वार अडवता येत नाही. प्रतिस्पर्धी खाली शोर्यूकेन घेऊन सज्जच असतो. सेकंदाच्या साठाव्या भागापुरती एक चुकीची दिशा लागली, आणि सामना हातचा गेला! प्रेक्षकांना वाटते, खेळाडू घाबरला. खरे पाहता त्याच्या अंगठ्याने योग्य तेच सांगितलेले असते. कळीने ते नीट ऐकलेले नसते.

मुळात हा खेळ दुकानांतील मोठ्या यंत्रांसाठी केलेला होता. त्या यंत्रांना दांडा असे. त्याच्याही खाली चारच संपर्क असतात. पण दांड्याभोवती एक चौकट असते. ती चौकोनी असेल तर तिचे चार कोपरे म्हणजेच चार तिरक्या दिशा. दांडा कोपऱ्यात जाऊन टेकला की हाताला ते समजते. शिवाय तो फिरवण्यास सगळे मनगट उपयोगी पडते. १९९२ साली हा खेळ निन्टेंडोच्या ‘सुपर फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रावर आला, तेव्हा मनगटाचे काम एकट्या अंगठ्यावर येऊन पडले. खेळता खेळता मुलांच्या अंगठ्यांना फोड येऊ लागले. अधिक चिन्हाच्या भुजा सरळ दिशांसाठी उत्तम. परंतु भुजांमधील रिकाम्या कोपऱ्यांवरून अंगठा गोल फिरवणे तितके सुखाचे नव्हते.

दिशाकळीच्या रचनेचे एकस्व, म्हणजे पेटंट, निन्टेंडोकडे होते. अमेरिकेत ते १९८७ साली मिळाले. इतर कंपन्यांनी आपापल्या कळींना निराळी रूपे दिली. सेगा कंपनीने गोल तबकडीवर अधिक चिन्हाचा उंचवटा असलेली कळ केली. तिच्यावर अंगठा सहज गोल फिरे. १९९३ साली सेगाने सहा बटणांचा कंट्रोलर काढला, आणि १९९४ सालच्या ‘सॅटर्न’ यंत्राची दिशाकळ तर लढतीच्या खेळाडूंना इतकी आवडली, की ते यंत्र मागे पडल्यावरही तिची आठवण निघत राहिली. सोनी कंपनीने प्लेस्टेशनसाठी तिसरा मार्ग निवडला. त्याच्या कंट्रोलरवर चार भुजा एकमेकींपासून अलग दिसतात. पण ते केवळ वरून. आवरणाखाली त्या चारही एकाच तुकड्याने जोडलेल्या असतात आणि तो तुकडा टेकूवर कलतो. बाह्य रूप बदलले, तत्त्व बदलले नाही.

यांपैकी श्रेष्ठ कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. भुजा स्पष्ट असतील तर अंगठ्याला दिशा अचूक कळते, पण फिरताना कडा बोचतात. तबकडी गुळगुळीत असेल तर फिरणे सोपे, पण सरळ दिशा घसरून तिरकी होण्याची भीती. रबर मऊ असेल तर बोट थकत नाही, पण दिशा लागल्याची जाणीव मंद होते. ते ताठ असेल तर जाणीव स्पष्ट, पण अंगठा दुखतो. एक गुण वाढवावा तर दुसरा कमी होतो. रचनाकाराला यांचा मेळ घालावा लागतो, आणि कोणत्या खेळासाठी कळ करावयाची आहे हे आधी ठरवावे लागते.

पुढे काही खेळाडू चार दिशांसाठी चार अगदी सुटी बटणे असलेली पेटी वापरू लागले. तिच्यावर एकेका दिशेस एकेक बोट असते, त्यामुळे हालचाल फार जलद होते. परंतु या पेटीत टेकू नाही. डावी व उजवी बटणे एकदम दाबण्यास कोणाची आडकाठी नाही. ज्या सात निरर्थक अवस्था टेकूने बाहेर ठेवल्या होत्या, त्या पुन्हा आत आल्या. अशा वेळी यंत्राने काय समजावे? शेवटी दाबलेली दिशा खरी मानावी, की दोन्ही रद्द धराव्यात? उत्तराप्रमाणे एका खेळाडूला अधिक लाभ मिळू शकतो, म्हणून स्पर्धांच्या नियमांत याविषयी स्पष्ट कलमे घालावी लागली. जी गोष्ट प्लास्टिकचा एक उंचवटा मुकाट्याने सांभाळत होता, तिच्यासाठी माणसांना बैठका घेऊन नियम करावे लागले!

गुन्पेई योकोई १९९७ साली रस्त्यावरील अपघातात निधन पावले. त्यांनी एका घडीच्या खेळण्यासाठी योजलेली कळ पुढे जगभर पसरली. त्यानंतर सर्व दिशांना कमीअधिक झुकणारे लहान दांडे कंट्रोलरवर आले, आणि मोकळ्या जगात हिंडण्याच्या खेळांत त्यांनी दिशाकळीची जागा घेतली. परंतु जेथे दिशा चटकन लागावी आणि चटकन सुटावी लागते, तेथे अनेक खेळाडूंचा अंगठा अजून त्या चार भुजांकडेच वळतो.

लफीचा विजय त्याच्या सरावाचा व बुद्धीचा होता, यात शंका नाही. जुना कंट्रोलर हाती घेतल्याने कोणी विजेता होत नाही. पण त्या सामन्यात त्याने जे जे मनात आणले, ते ते त्या वीस वर्षांच्या जुन्या रचनेने पडद्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचवले. चांगल्या हत्याराकडून कारागीर याहून अधिक काही मागत नाही.